चित्रफीत लहान करताना चेहरे हरवू नयेत

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले गाव. तेथील एका कुटुंबाने मागील पावसाळ्यात आमच्याकडे एक चित्रफीत पाठविली. आईवडिलांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवी ख्रिस्तयागाचे आणि त्यानंतरच्या घरगुती समारंभाचे २००६ साली केलेले ते चित्रण होते. वडील आता देवाघरी गेले आहेत. परदेशी असलेल्या नातवंडांना आजोबांचा आशीर्वाद पाहता यावा, एवढीच अपेक्षा. आम्ही फाईल उघडली, तेव्हा आवाज ऐकू येत होता, परंतु आजोबांचे ओठ दिसत नव्हते. चेहऱ्याच्या जागी मेणासारखा गुळगुळीत डाग होता. चाळीस मिनिटांचे चित्रण कोणीतरी अवघ्या ६० एमबीमध्ये कोंबले होते. अपलोड लवकर व्हावे, हाच त्यामागचा हेतू.

सुदैवाने मूळ मिनी डीव्ही कॅसेट घरातील ट्रंकेत होती.

फाईल लहान करणे चूक नव्हे. ते आवश्यकच आहे. या कॅसेटवर दर सेकंदाला २५ चित्रे असतात आणि आवाजासह सेकंदाला सुमारे ३.६ एमबी जागा लागते. म्हणजे तासाला जवळजवळ १३ जीबी, आणि चाळीस मिनिटांना साडेआठ जीबीहून थोडी अधिक. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर ही फाईल चढण्यास एकोणीस तास लागतील. तीच ७५० एमबीची केली, तर एक तास चाळीस मिनिटे पुरतात. (आठ बिट म्हणजे एक बाईट, इंटरनेट कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात, संगणक फाईलचा आकार बाईटमध्ये दाखवितो. पुष्कळांचा हिशेब येथेच चुकतो.)

आकार कमी होतो तो दोन मार्गांनी. पहिला एकेका चित्राच्या आत. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकातील ठळक छटा आणि बारीक फरक वेगळे केले जातात. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक गाळता येतात. यामागील गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. आपल्या घरोघरीच्या लग्नाच्या सीडी त्याच गणितावर चालत आल्या, पण त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

दुसरा मार्ग चित्राचित्रांमधील साम्याचा. वेदी, भिंत, क्रूस हलत नाहीत. हलतो तो धर्मगुरूंचा हात. मग अधूनमधून एक संपूर्ण चित्र ठेवावे आणि मधल्या काळात फक्त बदल नोंदवावा. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत हे काम फार कौशल्याने करते. म्हणूनच स्टँडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण थोडक्या जागेत मावते. धुपाचा धूर, उधळलेल्या पाकळ्या, हातातील कॅमेऱ्याची थरथर आणि अंधुक प्रकाशातील दाणेदारपणा हे सारे जागा खातात. सेकंदाला द्यावयाचे बिट फारच कमी ठेवले, तर संगणक प्रथम बारीक तपशिलांवर कात्री चालवितो. ६० एमबीच्या त्या फाईलला सेकंदाला जेमतेम ०.२ मेगाबिट मिळाले होते. आजोबांचे ओठ तेथे गेले.

आम्ही पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. चालू स्थितीतील जुना कॅमेरा मिळविण्यातच दोन आठवडे गेले. फायरवायर केबलने कॅसेटवरील मजकूर जसाच्या तसा संगणकात उतरविला. पुढील कामासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. त्यात बिटचा आकडा ठरवून देण्याऐवजी गुणवत्तेचा आकडा निवडता येतो. हा आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी. अशा जुन्या चित्रणाला १८ ते २२ योग्य. आम्ही २० ठेवला. वेग 'स्लो' ठेवल्यास संगणकाला अधिक वेळ लागतो, पण त्याच बिटमध्ये चित्र अधिक चांगले येते. आवाजासाठी एएसी, १२८ किलोबिट.

एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलेले असते. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, ते यामुळे. हँडब्रेकमधील 'डिइंटरलेस' ही सोय ते काढून टाकते. मात्र ७२० बाय ५७६ चे चित्र फुगवून एचडी करू नये. फाईल वाढते, पण कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील त्यातून परत येत नाही.

यूट्यूब आपली प्रत पुन्हा स्वतःच्या पद्धतीने लहान करते. म्हणून तिला आधीच पिळून काढलेली प्रत देऊ नये. खात्याची फोनद्वारे पडताळणी केलेली नसल्यास तेथे १५ मिनिटांपर्यंतचेच व्हिडिओ चढतात, हेही आधी पाहावे. व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठविलेला व्हिडिओसुद्धा आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास तो जसाच्या तसा पोहोचतो. आणि एकदा लहान केलेली प्रत घेऊन तीच पुन्हा लहान करणे तर कटाक्षाने टाळावे. नवी प्रत नेहमी मूळ फाईलवरूनच काढावी.

आमची फाईल ७६० एमबीची झाली. रात्री अपलोडला लावली, ती पहाटेच्या आत चढली. मूळची मोठी फाईल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली. त्यांपैकी एक, कॅसेटसह, नाचणगावला परत पाठविली. चित्रात आजोबा नातवाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. आता त्यांचा अंगठाही दिसतो.