हप्ता सहाव्या वर्षी सुरू होतो

सीईटीचा निकाल लागला की बँकेत येणाऱ्या पालकांचं बोलणं पॅकेजपासून सुरू होतं. हातात कॉलेजचं माहितीपत्रक, पहिल्याच पानावर कोट घातलेल्या मुलाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'हायेस्ट पॅकेज'. सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत मी बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाचं टेबल सांभाळलं. फोटोतल्या त्या मुलाला कर्ज द्यायला माझी कधीच हरकत नव्हती. माझ्यासमोर बसलेला मुलगा बहुतेक वेळा दुसराच असायचा.

कम्प्युटर इंजिनिअरिंगला कर्ज काढावं का, असं अजूनही ओळखीचे लोक विचारतात. काढावं, असंच मी सांगते. फक्त हिशेब सगळ्यात मोठ्या पगाराचा न करता सगळ्यात साध्या नोकरीचा करावा. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांत साध्या फ्रेशरचं पॅकेज गेली दहाएक वर्षं तीन ते चार लाखांच्या दरम्यानच घुटमळतंय. कॉलेजची फी आणि पुण्यातलं भाडं काही त्याच्यासाठी थांबलेलं नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. खासगी कॉलेज, आणि फी, हॉस्टेल धरून बँकेकडून दरवर्षी दीड लाख रुपये उचलायचे. चार वर्षांत सहा लाख. व्याज सोपं जावं म्हणून दहा टक्के धरते. शैक्षणिक कर्जात कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. घोळ इथेच होतो. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असं निम्मे पालक धरून चालतात. व्याज पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून चढतं. सरळव्याजाने पहिल्या दीड लाखाचे पाच वर्षांत ७५ हजार होतात, दुसऱ्याचे ६० हजार, तिसऱ्याचे ४५, चौथ्याचे ३०. म्हणजे २ लाख १० हजार. सहाव्या वर्षी हप्ता बसतो तो ८ लाख १० हजारांवर. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये.

आता पगाराची बाजू बघा. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिन्याला तीस हजार, असं घरी पेढे वाटताना सांगितलं जातं. त्या तीस हजारांत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कधी कामगिरीवर मिळणारा भाग असं सगळं कोंबलेलं असतं. त्यातून स्वतःचा पीएफ आणि प्रोफेशन टॅक्स गेला की खात्यात पंचवीस हजारांच्या आसपास येतात. वाकड-हिंजवडीकडे तिघांत फ्लॅट घेतला तरी भाडं, मेस, पेट्रोल, मोबाइल मिळून पंधरा हजार सहज जातात. उरले दहा हजार, हप्ता १०,७००. सातशे रुपये कमीच, आणि दिवाळीला घरी जायचं एसटीचं तिकीट अजून धरलेलंच नाही.

याचा अर्थ डिग्री तोट्याची, असा नाही. काम शिकलेला मुलगा दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतो, पगार चांगला वाढतो आणि मग तोच हप्ता हलका वाटायला लागतो. अडचण आहे ती मधल्या अरुंद दोन-तीन वर्षांची. कर्ज किती घ्यायचं ते या अरुंद जागेचं माप घेऊन ठरवायला हवं. प्रत्यक्षात ते ठरतं तारणावर. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, म्हणून पालक अर्जात तेवढाच आकडा लिहून मोकळे होतात.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार मुलाचे कागद घेऊन आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, छाटणी झाली की चार महिन्यांत माल दिसतो. ह्यो बाग पाच वर्षांनी धरणार, आणि व्याज आजपास्नं. मग व्याज आत्तापास्नंच भरत गेलो तर चालतंय का?" चालतं. पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, पुढे ३,७५० आणि शेवटी ५,०००. असं भरत गेलं तर पाच वर्षांनी कर्ज सहा लाखच राहतं आणि हप्ता १०,७०० ऐवजी ७,९३० बसतो. शिकत असताना व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्का सवलतही देतात. ही गोष्ट मला बहुतेक वेळा आपण होऊन सांगावी लागायची. विचारणारे फार थोडे.

पगाराचा आकडा कुठून आणायचा? माहितीपत्रकातून तर नाहीच. देशातली हजारो कॉलेजं एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी आपली माहिती भरतात आणि ती त्यांच्या वेबसाइटवर ठेवलेली असते, बहुधा खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. त्यातला प्लेसमेंटचा तक्ता उघडा. पहिल्या वर्षाला किती मुलं घेतली, थेट दुसऱ्या वर्षाला किती आली, वेळेत किती पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, हे एकाच ओळीत असतं. त्याच ओळीत मध्यक पगारही असतो, म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. आधी घेतलेली आणि वेळेत पास झालेली मुलं यांतला फरक बघा, तिथे वायडी गेलेली मुलं दिसतात. मग नोकरी लागलेल्यांचा आकडा, आणि सगळ्यात शेवटी पगार. हा आकडा सगळ्या शाखांचा एकत्र असतो, हे लक्षात ठेवायचं. कम्प्युटरचा वेगळा आकडा कॉलेजकडे मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच आहे.

मुळात कर्जच कमी लागावं, यासाठी आपल्याकडे वाटा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच सीईटीनंतरच्या कॅप फेरीतून जातात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या वर्गातल्या मुलांनाही निम्मी शिक्षण फी परत मिळते. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत पूर्ण शिक्षण फी माफ आहे. हॉस्टेल, मेस आणि किरकोळ शुल्कं तेवढी अंगावर राहतात. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे सगळं जातं. दोन मार्कांनी हुकलेल्या 'चांगल्या' कॉलेजसाठी मॅनेजमेंटची जागा घेणाऱ्यांशी मी वाद घातलेले आहेत, आणि बहुतेक हरलेही आहे. माणसाला कॉलेजचं नाव नातेवाइकांना सांगायचं असतं.

दुसरी वाट जुनी आणि उगाच कमी लेखलेली. दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकमधून तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अकरावी-बारावीचे क्लास वाचतात, डिग्रीचं एक वर्ष वाचतं. एकूण वर्षं सहाच लागतात. मधेच थांबायची वेळ आली तरी हातात एक कागद असतो.

व्याजातही सवलत मिळू शकते. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेज किंवा कोर्स मान्यतेच्या यादीत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण फक्त वरच्या क्रमवारीतल्या निवडक संस्थांसाठी. प्रवेश घ्यायच्या आधी यादीत नाव बघावं. कलम ८०ई खाली व्याजावर मिळणारी आयकर सूट पुष्कळ एजंट रंगवून सांगतात. साडेतीन लाख कमावणाऱ्याला मुळात करच नसतो, सूट कशातून घेणार! शिवाय नव्या कररचनेत ती मिळतही नाही.

मुदतीचं विचाराल तर पंधरा वर्षांची घ्या. त्याच ८ लाख १० हजारांना हप्ता ८,७०० च्या घरात येतो. पूर्ण पंधरा वर्षं रेटलं तर साडेपंधरा लाखांवर रक्कम जाते, हे खरं. पण हे कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो. पगार वाढला की बोनसचे पैसे मुद्दलात टाकायचे आणि सातव्या-आठव्या वर्षी मोकळं व्हायचं. लहान मुदत घेऊन पहिल्याच वर्षी हप्ता चुकवण्यापेक्षा हे बरं.

२०२२-२३ च्या सुमारास पास झालेल्या कितीतरी मुलांच्या हातात ऑफर लेटर होतं आणि जॉइनिंगची तारीख महिनोन्महिने नव्हती. व्याज मात्र तारखेला पडतच होतं. अशा वेळी पालक बँकेचा फोन उचलत नाहीत, आणि ९० दिवस थकले की खातं एनपीए होतं. कर्जात वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे मुलाबरोबर त्यांचाही सिबिल स्कोअर घसरतो आणि पुढच्या हंगामात सोसायटी सोडून दुसरीकडे कुठे पीककर्ज मागायला गेलं की ते पुढ्यात येतं. ऑफर लेटरची झेरॉक्स घेऊन पहिला हप्ता पडायच्या आधी शाखेत गेलं तर मुदतवाढीचा अर्ज करता येतो. त्याला लागतो एक अर्ज, एक झेरॉक्स आणि मॅनेजर जागेवर असण्याची थोडी नशिबाची साथ.