करारनाम्यातली भूतदया

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या उघड्याबोडक्या माळरानावर जुलै महिना लागला, की हेलिकॉप्टरची घरघर ऐकू येऊ लागते. वैमानिकाला रानघोडे हाकायचे असतात. दूरवर चरणारा एखादा कळप हेरून तो त्याच्या पाठीशी लागतो आणि टेकडीच्या सोंडेआड उभारलेल्या लोखंडी कोंडवाड्याकडे त्याला वळवीत आणतो. कोंडवाड्याच्या तोंडापासून गोणपाटाच्या दोन लांबच लांब भिंती फाकत गेलेल्या असतात. तोंडाशी एक माणसाळलेला घोडा धरून मोतद्दार दबा धरून बसलेला असतो. कळप पुरेसा जवळ आला, की तो आपला घोडा सोडतो. तो घोडा शिकविल्याप्रमाणे थेट आत धावतो, बाकीचे त्याच्यामागून शिरतात आणि दरवाजा बंद होतो. स्वजातीयांना फसवून आत नेणाऱ्या या घोड्याला तिकडचे लोक येशू ख्रिस्ताचा घात करणाऱ्या शिष्याच्या नावावरून 'जूडास घोडा' म्हणतात.

बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांना यावरून म्हैसूर प्रांतातल्या हत्तींच्या खेड्याची आठवण होईल. काकनकोटेच्या अरण्यातला शेवटचा खेडा १९७१ साली झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या रानघोड्यांना कायद्याचे छत्र दिले. आणि तरीही घोडे धरणे थांबले नाही. मात्र ते धरायचे तर दयाळूपणे धरावेत, असे ठरले. ही दया प्रत्यक्षात उतरविण्याचे काम सरकार स्वतः फारसे करीत नाही. त्यासाठी निविदा निघतात, करारनामे होतात आणि खाजगी ठेकेदार आपले हेलिकॉप्टर, वैमानिक, लोखंडी कठडे, मालमोटारी व घोडेस्वार घेऊन माळावर हजर होतो. पेशवाईतला शिलेदार जसा स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीला येई, तसलाच हा प्रकार.

हे घोडे मूळचे त्या माळाचे म्हणावेत की नाहीत, यावर पंडितांत वाद आहे. अश्वकुलाची उत्क्रांती उत्तर अमेरिकेतच झाली, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेथून घोडा नामशेष झाला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो जहाजांतून परत आणला. त्यांतले सुटलेले, सोडून दिलेले, पळालेले घोडे रानात वाढले. 'मस्टँग' हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला, त्याचा अर्थच बेवारशी जनावर असा आहे. आणि बेवारशी जनावराचे जे सर्वत्र होते तेच त्यांचे झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विमानांतून पिटाळून, मोटारींनी पाठलाग करून, गळ्यात फास टाकून ते धरले जात आणि कुत्र्या-कोंबड्यांच्या खाद्यासाठी कत्तलखान्यात जात. मॅरिलिन मन्रो आणि क्लार्क गेबल यांचा १९६१ सालचा 'द मिसफिट्स' हा चित्रपट याच धंद्यावरचा आहे.

या धंद्याला पहिला अडसर घातला तो व्हेल्मा जॉन्स्टन या बाईने. लहानपणी पोलिओने शरीर वाकडे झालेली ही स्त्री रिनो शहरातील एका विमा कचेरीत चिटणिसाचे काम करीत असे. १९५० साली कामावर जाताना पुढच्या मालमोटारीतून रक्त गळताना तिला दिसले. ती मागोमाग गेली आणि आत कोंबलेले जखमी रानघोडे तिने पाहिले. पुढची सत्तावीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिने दुसरे काही केले नाही असे म्हटले तरी चालेल. विरोधकांनी कुचेष्टेने दिलेले 'रानघोडी अ‍ॅनी' हे नाव तिने अभिमानाने मिरविले. तिच्या मदतीला सर्वांत मोठी फौज आली ती शाळकरी मुलांची. देशभरच्या मुलांनी खासदारांना पत्रे लिहिली. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या पत्रांचे अक्षरशः ढीग जमले. शुद्धलेखनाच्या वहीत सक्तीने लिहविलेल्या पत्रांपलीकडे आमच्या मुलांच्या हातून सहसा पत्र जात नाही, म्हणून या गोष्टीचे मला विशेष अप्रूप वाटते. १९५९ साली विमाने व मोटारी वापरून सार्वजनिक जमिनीवरचे रानघोडे धरण्यास बंदी झाली, आणि १९७१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संपूर्ण संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. दोन्ही सभागृहांत त्याला एकही विरोधी मत पडले नव्हते.

एकमताने झालेल्या कायद्यांची खरी परीक्षा नंतर होते. या घोड्यांना शत्रू असा फारसा उरला नाही. संख्या वर्षाला पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढू लागली. जमीन मात्र तेवढीच. आपल्याकडच्या गायरानासारखीच ही सरकारी मालकीची, पण गुराखी-मालकांना अल्प दराने चराईला दिलेली जमीन आहे. (२०१९ ते २०२५ हा दर एका गाय-वासरामागे महिन्याला अवघा १.३५ डॉलर होता. घोड्यांचे कैवारी म्हणतात ते खोटे नाही, की गवत कमी पडते म्हणताना गुरांचा हिशेब आधी मांडावा.) परंतु दुष्काळात पाणवठे आटले म्हणजे घोडेही तडफडून मरतात, हेही तितकेच खरे. अखेर १९७६ साली हेलिकॉप्टर वापरण्याची मुभा कायद्यानेच सरकारला दिली. जे यंत्र 'अ‍ॅनी'ने हद्दपार केले होते, त्याचेच भावंड घोड्यांच्या भल्याच्या नावाने परत आले. १९७८ साली माळाला पेलवेल तेवढेच घोडे ठेवावेत, बाकीचे 'जादा' ठरवून हलवावेत, असे कलम आले. पेलवेल अशी संख्या सरकारी हिशेबाने दहा राज्यांत मिळून साधारण सव्वीस हजार. २०२४ सालच्या अंदाजात घोडे व रानगाढवे मिळून त्र्याहत्तर हजारांवर होती.

आता करारनाम्याकडे वळू. सरकारी शाळेत उभी हयात घालविलेल्या माणसाला निविदा या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. बाके करावयाची असोत की पत्रे बदलावयाचे असोत, कामाचा जो भाग मोजता येतो तेवढाच बिलात येतो. जो मोजता येत नाही तो ठेकेदाराच्या सद्‌बुद्धीवर. रानघोड्यांच्या ठेक्यातही मोबदला साधारणपणे धरलेल्या घोड्यामागे ठरतो. दर नगावर असला, की घाई आपोआप येते. कळप थकला आहे, शिंगरू मागे पडले आहे, ऊन चढले आहे. अशा वेळी थांबणे म्हणजे ठेकेदाराने आपल्याच पदरचे इंधन जाळणे. नेमक्या या जागी लिखित दयेची गरज लागते.

ती कशी लिहिली आहे, हे वाचण्यासारखे आहे. सार्वजनिक जमिनींचा कारभार पाहणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याने २०१५ साली यासाठी सविस्तर नियम बांधून दिले आणि ते ठेकेदारांवर बंधनकारक केले. १ मार्च ते ३० जून हा विण्याचा हंगाम. त्यात अत्यंत निकडीखेरीज हेलिकॉप्टर वापरायचे नाही. कठडे सहा फूट उंच हवेत आणि खालची नळी जमिनीपासून बारा इंचांहून वर नको, कारण त्या फटीत पाय अडकतो. हाकण्याचा वेग कळपातल्या सर्वांत दुबळ्या जनावरावरून ठरवायचा. हेलिकॉप्टरचा घोड्याला स्पर्श होता कामा नये. विजेची काठी सर्रास वापरायची नाही. तोंडावर किंवा नाजूक जागी तर मुळीच नाही. लाथ मारणे, झोडपणे वर्ज्य. शिंगरू आणि त्याची आई चार तासांच्या आत पुन्हा एकत्र आली पाहिजेत. हे शेवटचे कलम वाचताना, ते लिहिणाऱ्या कारकुनाने कधीतरी हंबरणारी गाय पाहिली असावी, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

नियम कोणी मोडले तर? कामावर सरकारचा एक प्रतिनिधी हजर असतो आणि काम थांबविण्याचा अधिकार त्याला असतो. परंतु नियमांत 'शक्यतो' आणि 'प्रतिनिधीच्या मते' या शब्दांना पुष्कळ जागा आहे, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप. मला तो रास्त वाटतो. शाळा तपासणीस आलेल्या साहेबाची बैठक गावच्या ठेकेदाराच्या ओसरीवर असली म्हणजे तपासणी कशी होते, हे सांगायला नको. त्यावर उतारा म्हणजे तिऱ्हाइताची नजर. लॉरा ली नावाच्या छायाचित्रकार पत्रकर्तीने आपल्याला कोंडवाड्यापासून फार दूर उभे केले जाते, म्हणून सरकारवर खटला भरला. २०१२ साली अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयास बजावले, की असे निर्बंध घटनेच्या कसोटीवर घासून पाहिलेच पाहिजेत.

या नजरेचा उपयोग झाला. २००८ साली संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने सहा राज्यांतल्या धरपकडींची कागदपत्रे पाहून मृत्यूचे प्रमाण सुमारे १.२ टक्के सांगितले. ऐकताना आकडा लहान वाटतो. पण २०२२ च्या जानेवारीत नेवाडातल्या पॅनकेक भागात पाठलागात एका शिंगराचा पाय मोडला आणि ते दृश्य लोकांनी पाहिले, तेव्हा टक्केवारी कुणाच्या लक्षात राहिली नाही. डीना टायटस या लोकप्रतिनिधी बाईंनी त्याच वर्षी हेलिकॉप्टरबंदीचे विधेयक मांडले. ते कायदा होऊ शकले नाही.

हेलिकॉप्टरशिवायही घोडे धरता येतात. पाण्याभोवती कठडे लावून दार उघडे ठेवायचे, घोडे आपण होऊन आत-बाहेर करू लागेपर्यंत वाट पाहायची, मग एके रात्री दार लावायचे. यात धावपळ नाही, छाती फुटणे नाही. पण आठवडेच्या आठवडे जातात आणि थोडेच हाती लागतात. याहून मूळचा उपाय म्हणजे घोडीला गर्भरोधक लस देणे. डुकरिणीच्या अंडकोशापासून बनविलेली ही लस १९८८ पासून मेरिलँडजवळच्या असाटीग बेटावरील घोड्यांवर दुरून सुई झाडून देण्यात आली आणि तेथे ती यशस्वी ठरली. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अशा लसींचाच पुरस्कार केला. वर हेही सुनावले, की घोडे उचलून नेल्याने उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो आणि प्रजा उलट जोमाने वाढते. लहान बेटावरचा प्रयोग नेवाडाच्या अफाट डोंगराळ मुलुखात तितका सोपा नाही, हे खरे. घोडीच्या जवळ पोचणे हीच पहिली अडचण.

धरलेल्या घोड्यांचे पुढे काय होते? मानेवर द्रवरूप नायट्रोजनने गोठवून डाग दिला जातो. तेथे केस पांढरे उगवतात आणि क्रमांक कायमचा राहतो. लसी टोचल्या जातात, नर खच्ची केले जातात. कमीत कमी १२५ डॉलर भरून ते पाळावयास मिळतात. वर्षभर नीट सांभाळले, की मालकी हक्काचा कागद. पण घेणारे कमी आणि येणारे फार. त्यामुळे साठ हजारांवर घोडे सरकारी दावणीला राहिले आणि या कार्यक्रमाच्या एकूण खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भाग त्यांच्या चाऱ्यापाण्यात जाऊ लागला.

येथेही करारनामाच आहे, पण त्याची तऱ्हा निराळी. कॅन्सस, ओक्लाहोमा यांसारख्या गवताळ राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या कुरणांवर हे घोडे आजन्म ठेवले जातात आणि पैसे दर घोड्यामागे दर दिवसाचे मिळतात. घोडा जितका जगेल तितकी शेतकऱ्याची कमाई चालू राहते. त्यामुळे दुबळ्या जनावराला जपण्याची आठवण त्याला कुणी करून द्यावी लागत नाही. गवत गुडघाभर, पाणी बारमाही. घोड्या एका कुरणावर आणि खच्ची केलेले नर दुसऱ्यावर असतात. तेथे शिंगरे जन्मत नाहीत.