रॉचेस्टरचा नॉर्मन किल्ला

इंग्लंडच्या केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठी रॉचेस्टरचा किल्ला उभा आहे. लंडन–डोव्हर रस्ता इथेच नदी ओलांडतो, म्हणून नॉर्मनांनी ही जागा हेरली. बिशप गंडल्फने अकराव्या शतकाच्या अखेरीस दगडी तटबंदी घातली. ११२७ मध्ये पहिल्या हेन्रीने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे सोपवला आणि त्यानंतर आतला चौकोनी मनोरा चढला. उंची सुमारे ११३ फूट, भिंती तळाशी बारा फूट जाड. मधली आडवी भिंत मनोरा दुभागते. विहीर याच भिंतीत असून तिची उभी नळी प्रत्येक मजल्यावर उघडते. वेढ्यात पाण्यासाठी खाली उतरायला नको.

१२१५ मध्ये बंडखोर सरदारांनी किल्ला बळकावला. राजा जॉनने आग्नेय कोपऱ्याखाली सुरुंग खणून तो लाकडी खांबांवर तोलला आणि चरबीने खांब पेटवण्यासाठी चाळीस लठ्ठ डुकरे मागवली, तीही खाण्याच्या लायकीची नसलेली! कोपरा ढासळला, तरी शिबंदी आडव्या भिंतीमागे लढत राहिली. शेवटी उपासमारीने शरण आली. पुढे तो कोपरा गोल बांधला गेला. त्यामुळे मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी, चौथा गोल.