विमा कर्जदात्याचा की घरमालकाचा?

अमेरिकेत गृहकर्ज देणारी संस्था मालकी हक्काच्या विम्याची, म्हणजे टायटल इन्शुरन्सची, अट सहसा घालते आणि त्याचा हप्ता बहुधा खरेदीदारच भरतो. परंतु ही पॉलिसी कर्जदात्याची असल्याने ती थकीत कर्जापुरतेच संरक्षण देते, कर्ज फिटत जाते तसतशी तिची रक्कम घटते, आणि खरेदीदाराने पदरचे घातलेले पैसे बुडाले तरी त्याला तिच्यातून छदामही मिळत नाही. मालकाची पॉलिसी वेगळी असते. व्यवहाराच्या अंतिम हिशेबपत्रकात तिच्यापुढे कंसात ‘ऐच्छिक’ असे छापलेले असते, आणि कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करण्याच्या घाईत हा एक शब्द तिला वगळण्यास पुरेसा ठरू शकतो.

आगीचा विमा पुढे होऊ शकणाऱ्या हानीचा असतो. हा विमा मात्र खरेदीपूर्वीच घडून गेलेल्या, पण दप्तरात न सापडलेल्या दोषांचा, उदाहरणार्थ बनावट सहीच्या जुन्या खताचा किंवा डावललेल्या वारसाचा असतो, म्हणून त्याचा हप्ता एकदाच भरावा लागतो आणि दावा उभा राहिल्यास वकिलाचा खर्चही कंपनीच सोसते. त्याचे मूळ फिलाडेल्फियात आहे: १८६८ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दस्त तपासणाऱ्याने कायद्याच्या जाणकाराच्या मतावर विसंबून मालकी निर्वेध ठरवली असेल, तर पुढे बोजा निघाला तरी तो भरपाईस बांधील नाही. चूक कोणाचीच नाही आणि नुकसान मात्र खरेदीदाराचे, अशा या पेचातून १८७६ मध्ये तेथे पहिली टायटल विमा कंपनी निघाली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच अपरिचित नाही, कारण सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे, दस्तनोंदणी ही दस्ताची असते, मालकीची नव्हे, आणि वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला तरी हक्कसोडपत्रावर सही न केलेली बहीण त्यात दिसेलच असे नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये विकासकाने मालकीचा विमा काढण्याची तरतूद आहे, पण ती सरकारी अधिसूचनेवर अवलंबून ठेवलेली आहे.

जमा हप्त्यांच्या मानाने दावे थोडेच चुकते होतात, ही या विम्यावरील टीका रास्त आहे. तथापि दोन्ही पॉलिसी एकदम घेतल्यास मालकाच्या पॉलिसीवर बहुतेक ठिकाणी सवलत मिळते. खरी मेख पॉलिसीच्या ‘ब’ परिशिष्टातील अपवादांत असते: शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता तेथे नोंदलेला असेल, तर त्यावरून वाद झाल्यास कंपनी हात वर करते, त्यामुळे ती यादी सह्यांच्या दिवशी नव्हे, तर आधी हाती येणाऱ्या मसुद्यातच वाचावी लागते.