टाकीत पुन्हा मासे सोडताना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाच लोहमार्गावर ओवलेल्या शहरांतील अनेक घरांच्या दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी काचेची एक लहानशी टाकी असते. पहाटेची लोकल पकडून गेलेला माणूस रात्री घरी परततो, तेव्हा चपला काढता काढता त्याची नजर आधी त्या टाकीकडे जाते. उल्हासनगरच्या सिंधी घरांत तर पल्ला माशावर विराजमान झालेल्या झुलेलालांची तसबीरही जवळच असते. आपल्या दशावतारांतही पहिला मान मत्स्याचाच. घरात मासा असावा, ही भावना आपल्याकडे अशी खोलवर रुजलेली आहे.

मात्र कधी उन्हाळी सुटीच्या प्रवासानंतर, कधी पावसाळ्यातील वीज खंडित होण्याने, तर कधी काहीच न उमगता ही टाकी रिकामी होते. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणते, टाकी माळ्यावर टाका. दुसरे म्हणते, येत्या रविवारी नवे मासे आणा आणि मुलाचे रडणे थांबवा. या दोहोंमध्ये एक तिसरा मार्ग आहे. तो सुमारे दीड महिन्याचा आहे, पण त्यात माशांचे प्राण वाचतात, घरातल्यांचे आरोग्यही जपले जाते.

माशांकडे पाहण्याचा गुण

मत्स्यालयाकडे पाहताना मन निवते, हा अनुभव संशोधकांनीही तपासून पाहिला आहे. इंग्लंडमधील प्लिमथ येथील राष्ट्रीय सागरी मत्स्यालयाची एक प्रचंड टाकी नूतनीकरणानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा भरली जात होती. ती संधी साधून प्लिमथ व एक्सेटर विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मोजले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की मासे वाढत गेले तसे लोक टाकीपुढे अधिक वेळ रेंगाळले आणि त्यांच्या हृदयाची गतीही अधिक मंदावली. विशेष म्हणजे टाकीत मासे नसताना, केवळ पाणी आणि सजावट असतानाही पाहणाऱ्यांना काहीसा विसावा मिळत होता. रिकाम्या टाकीमुळे अस्वस्थ झालेल्या कुटुंबाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सासमधून आलेला एक छोटा अभ्यास अधिक घरगुती आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या २८ किशोरवयीन मुलांपैकी काहींना एकेक मासा सांभाळायला दिला. सकाळ-संध्याकाळ माशाला खाऊ घालताना त्यांनी स्वतःची रक्तशर्करा तपासायची आणि आठवड्याला पाणी बदलताना पालकांसोबत नोंदी पाहायच्या, असा नियम होता. तीन महिन्यांत या मुलांचे एचबीए१सी सुमारे अर्ध्या टक्क्याने उतरले. इतक्या लहान अभ्यासावरून मासा हे औषध ठरत नाही. परंतु दुसऱ्या जिवाची दिनचर्या सांभाळताना स्वतःचीही सांभाळली जाते, एवढे त्यातून घेता येते.

मासे का गेले, हे आधी शोधावे

माशाने घरावरचे संकट स्वतःवर घेतले, असे आपल्याकडे म्हटले जाते. या समजुतीमागची कृतज्ञता गोड आहे, पण तिच्यामुळे कारणाचा शोध थांबतो आणि तेच कारण नव्या माशांचाही घास घेते. म्हणून मृत्यूचा क्रम आठवावा. पाणी बदलल्यावर काही तासांतच सगळे मासे गेले असतील, तर नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा संशय घ्यावा. वीज जाऊन पंप बंद पडलेल्या रात्री गेले असतील, तर प्राणवायू अपुरा पडला. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येऊन एकेक जण गेला असेल, तर तो ‘व्हाइट स्पॉट’ नावाचा परजीवी होय. टाकी नवी असून पहिल्या काही आठवड्यांतच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले असतील, तर अमोनिया हे कारण संभवते.

यांतील अमोनिया सर्वाधिक घरांत दगा देतो. माशांची विष्ठा, श्वसन आणि उरलेले खाद्य यांतून तो तयार होतो. टाकीतील काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात. त्यांची वसाहत पूर्ण व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकामी टाकी साबणाने घासून, स्पंज नळाखाली धुऊन, सगळे लखलखीत करून त्याच संध्याकाळी मासे सोडणारा गृहस्थ नेमकी हीच वसाहत पुसून टाकतो. टाकी डोळ्यांना स्वच्छ दिसते. माशांसाठी मात्र ती विषारी होऊ लागलेली असते.

सहा आठवड्यांचे व्रत

रोगाने मासे गेले नसतील, तर जुनी खडी आणि स्पंज फेकू नयेत. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज हलकेच पिळून पुन्हा बसवावा. फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा. जिवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून चिमूटभर खाद्य रोज पाण्यात टाकावे. एखाद्या परिचिताकडे निरोगी, जुनी टाकी असेल, तर तिच्यातील वापरलेल्या स्पंजचा तुकडा आणून ठेवल्यास काळ कमी होतो. तपासणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे.

व्हाइट स्पॉटचा परजीवी माशाच्या अंगाविना फार काळ जगत नाही. आपल्याकडील उबदार पाण्यात दोन-तीन आठवडे टाकी माशांविना ठेवली, की तो नाहीसा होतो. परंतु मासे खंगत जाऊन, पाठीचा कणा वाकून किंवा अंगावर व्रण पडून आठवडेच्या आठवडे एकेक करत गेले असतील, तर खडी आणि वनस्पती काढून टाकाव्यात आणि माशांची जाण असलेल्या पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

या काळात एक काळजी मात्र अत्यावश्यक आहे. मासे नसलेले साचलेले पाणी म्हणजे डासांचे पाळणाघर. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पिढी घरातल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होते. तेव्हा फिल्टर बंद करू नये, टाकीवर बारीक जाळी किंवा झाकण असावे आणि अळ्या दिसतात का, हे दर दोन दिवसांनी पाहावे.

आपले पाणी, आपले हवामान

या तिन्ही शहरांना मुख्यतः उल्हास नदीचे आणि तिच्या खोऱ्यातील बारवी धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीवरच्या पावसाचे हे पाणी शुद्धीकरणानंतर क्लोरीनयुक्त होऊन येते. माणसाच्या आरोग्याला उपकारक असलेला हाच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि उपयुक्त जिवाणूही मारतो. म्हणून टाकीत घालायचे पाणी बादलीत चोवीस तास, शक्य तर हवा सोडत, उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब मोजून घालावेत. बादलीवर पातळ कापड बांधावे. नाहीतर तेथेही डास अंडी घालतील. अनेक संकुलांत नळाच्या पाण्यात कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी मिसळते. असे पाणी जास्त जड असू शकते. त्यामुळे टाकीतील पाणी एकदम बदलू नये. आठवड्याला पाव हिस्सा पुरे. पाणीपुरवठा बंद राहण्याची सूचना आली, की माशांसाठीही एक बादली आधीच भरून ठेवावी.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडील टाकीचे पाणी सहज तीस अंशांच्या पुढे जाते. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारीपणा वाढतो. अशा दिवसांत नवे मासे आणू नयेत. पावसाळ्यासाठी बॅटरीवर चालणारा लहानसा एअर पंप घरात असावा.

किती आणि कोणते

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच धरावे. एवढ्या जागेत सहा झेब्रा दानिओंचा थवा आणि तीन-चार नर गप्पी, किंवा एक फायटर आणि बाकी केवळ वनस्पती, इतकेच समाधानाने राहतात. झेब्रा दानिओ हा मूळचा भारतीय उपखंडातील मासा. काटक, चपळ आणि थव्यात रमणारा. गप्पीच्या माद्या आणल्या, तर काही महिन्यांत टाकीची चाळ होते, हे लक्षात घ्यावे.

गोल्डफिश दिसायला लहान असतो, पण वीतभर वाढतो आणि फार घाण करतो. तो या टाकीचा नव्हे. फेंगशुईनुसार आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवण्याची प्रथा अशा टाकीत पाळली, तर मांगल्याऐवजी माशांचे मरणच हाती येते. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर हातभराहून मोठा होऊ शकतो आणि माणसाच्या वाट्याची सफाई काही तो करत नाही.

आणताना आणि सोडताना

कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटचा बाजार असो, की आपल्या स्थानकाजवळचे दुकान. ज्या टाकीत एकही मेलेला मासा आहे, तिच्यातून काहीही घेऊ नये. पंख मिटून कोपऱ्यात बसलेला, पोट खपाटीला गेलेला, खडीला अंग घासणारा मासा दयेपोटीही आणू नये. दुकानदाराला खाद्य घालायला सांगावे; निरोगी मासा झेपावतो. कुर्ल्याहून बदलापूर तासाभराहून अधिक लांब आहे. म्हणून गर्दीची वेळ टाळावी, पिशवीत पाण्याहून हवा जास्त असावी आणि ती जाड कापडी पिशवीत अंधारात ठेवावी.

घरी आल्यावर मासे थेट मुख्य टाकीत नकोत. वीस लिटरची स्वच्छ बादली किंवा डबा, छोटा स्पंज फिल्टर आणि वेगळी जाळी एवढ्या सामानात त्यांना दोन ते चार आठवडे वेगळे ठेवावे. मुख्य टाकी पूर्ण रिकामी असेल, तर तीच हे काम करते. मात्र मग त्या काळात दुसरा मासा आणू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग उघडून थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी जाळीने फक्त मासे उचलावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या खेपेस ठरवलेल्या संख्येच्या निम्म्याहून कमी मासे आणावेत. जिवाणूंची वसाहतही माशांच्या संख्येबरोबरच वाढते. निळे औषध ‘खबरदारी म्हणून’ मुख्य टाकीत घालण्याची सवय सोडावी. त्याने वनस्पती आणि जिवाणू दोन्ही दगावू शकतात.

घरातल्यांची काळजी

माशांच्या टाकीत ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ हा क्षयजंतूच्या कुळातील जिवाणू असू शकतो. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो प्रथम ओळखला गेला. हातावर कापलेले असताना टाकीत हात घातला, तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर लालसर गाठ येते आणि ती साध्या मलमाने बरी होत नाही. अशी गाठ दाखवताना घरी मासे आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचार काही महिने चालतात. जखम असल्यास हातमोजे घालावेत. मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे वा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी टाकीची सफाई दुसऱ्याकडे सोपवावी. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये, टाकीचे सामान स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे. वायरचा खालचा वाक प्लगच्या पातळीखाली राहील असे पाहावे, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

मुलांशी खरे बोलावे

मेलेला मासा रात्री गुपचूप बदलून सकाळी ‘बघ, तो बरा झाला’ असे मुलाला सांगण्याचा मोह होतो. मुले रंगांतला फरक ओळखतात आणि मग मोठ्यांच्या शब्दावरचा विश्वास डळमळतो. मासा गेला, हे साध्या शब्दांत सांगावे, त्याला कुंडीत पुरताना मुलाला सोबत घ्यावे आणि पुढच्या सहा आठवड्यांची वही त्याच्या हाती द्यावी. तारीख, पाण्याचे तापमान, तपासणीचा रंग त्याने लिहावा. आजी-आजोबांना खाद्याची वेळ द्यावी. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य असावे. गावी जाताना एकेका दिवसाच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्याव्यात, कारण उपवासापेक्षा मायेने घातलेले जादा खाद्यच माशांना अधिक बाधते.

मोठे झालेले किंवा नकोसे झालेले मासे उल्हास नदीत वा एखाद्या तलावात सोडणे ही भूतदया नव्हे. सकरसारखा परका मासा मोकळ्या पाण्यात फोफावतो, स्थानिक माशांची जागा घेतो आणि कोळ्यांची जाळी फाडतो. वालधुनीसारख्या नदीची सांडपाण्याने काय दशा झाली, हे या शहरांनी पाहिलेलेच आहे. उरलेल्या जिवंत पाण्यावर आणखी भार नको. असे मासे दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या परिचिताला द्यावेत.

सहा आठवडे संपतात. वहीच्या पानावर अमोनियासमोर शून्य लिहिलेले असते. मग चार मासे येतात, आधी कोपऱ्यात दबून राहतात आणि दोन दिवसांनी खाद्याच्या वेळी काचेजवळ येऊ लागतात. ते तेथे वर्षानुवर्षे येत राहावेत, यासाठीच ही सारी सबुरी.