स्पीड पोस्टचे पाकीट कुठे पोहोचले? १३ जागांचा क्रमांक सांगतो. खोटा मेसेजही ओळखा

धामणगाव रेल्वे : नियुक्तीपत्र असो वा एटीएम कार्ड, महत्त्वाचे टपाल आजही कागदी पाकिटातूनच घरी येते. ते कुठवर आले, हे मोबाइलला कसे कळते?

क्रमांकात काय दडले आहे?
बारकोडजवळ १३ जागांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरे सेवा सांगतात. स्पीड पोस्टची सुरुवात ‘ई’ने होते. पुढचे आठ आकडे त्या पाकिटाची ओळख, नववा पडताळणीचा. टाइप करताना आकडा चुकला, तर त्यावरून संगणकाला चूक कळते. शेवटचे ‘आयएन’ म्हणजे भारत.

पाकीट लाइव्ह दिसते का?
नाही. बुकिंग, सॉर्टिंग आणि बटवडा या टप्प्यांवर बारकोड स्कॅन होतो. मोबाइलवर दिसते ती शेवटच्या स्कॅनची नोंद. त्यामुळे नोंद बदलली नाही म्हणजे पाकीट हरवले, असे नाही.

पिनकोड कशाला?
धामणगावच्या ४४४७०९ मध्ये ४४४ सॉर्टिंगचा जिल्हा, तर ७०९ टपाल कार्यालय सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ पासूनची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी.

फसवणूक कशी टाळाल?
१ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपी देऊन बटवड्याची सोय आहे. हा ओटीपी पोस्टमन दारात आल्यावरच सांगा, फोनवर कुणालाही नाही. ‘पत्ता अपूर्ण आहे, १२ तासांत लिंकवर भरा’ असे मेसेज टपाल खाते पाठवत नाही. लिंक उघडू नका. पावतीवरचा क्रमांक टपाल खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा.