पहिलटकरणीच्या वारेत लपणारा हिवताप

गांबियाच्या खेड्यांत रक्तात हिवतापाचे जंतू घेऊन माणसं शेतात राबत असतात, आणि त्यांना तापाची कणकणही नसते! वर्षानुवर्षं डास चावून शरीर जंतूला ओळखायला शिकतं. पण हे शिक्षण फार महाग पडतं. २०२३ मध्ये जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार जीव घेतले, त्यांतले बहुतेक आफ्रिकेतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे.

आणि तान्ही बाळं? पहिले काही महिने त्यांना हिवताप सहसा जोरात धरत नाही. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात आधीच उतरलेली असतात. शिवाय पोटात असतानाचं वेगळं हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही काळ टिकतं. प्रयोगशाळेतल्या काही प्रयोगांत त्यात जंतूची वाढ मंदावलेली दिसली.

प्रतिपिंडांच्या ताकदीचा धडधडीत पुरावा १९६१ मध्ये गांबियातच मिळाला. इयन मॅकग्रेगर आणि सिडनी कोहेन यांच्या चमूने हिवताप पचवलेल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून आजारी मुलांना टोचली. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने घटले. पुढच्याच वर्षी नायजेरियातल्या संशोधकांनी दाखवलं, की नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तातही हा गुण असतो. आईने वर्षानुवर्षं सोसलेला ताप असा बाळाच्या कामी येतो!

पण ही प्रतिकारशक्ती कमावलेली बाई पहिल्यांदा गरोदर राहिली, की पुन्हा हिवतापाच्या तावडीत सापडते. वार हा तिच्या शरीरात नवाच अवयव. १९९६ मध्ये केनियात काम करणाऱ्या मिकाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी त्यामागची चलाखी पकडली: जंतू शिरलेल्या लाल पेशी वारेतल्या एका विशिष्ट शर्करेला चिकटून बसतात. ज्या प्रथिनाच्या जोरावर त्या चिकटतात, त्याचं नाव व्हीएआर-टू-सीएसए. बाईच्या शरीराची आणि या प्रथिनाची आजवर गाठच पडलेली नसते. वार जंतूंनी भरलेली आणि बोटातलं रक्त तपासलं तर स्वच्छ, असंही घडतं. इकडे आईचं रक्त कमी होतं, तिकडे बाळ कमी वजनाचं जन्मतं.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत मात्र आई तयार होते, तिच्या रक्तात नेमकी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं येतात. त्याच गावातल्या पुरुषांत ती जवळजवळ सापडत नाहीत. मला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

डासांनाही गरोदर बाई जास्त आवडते! २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गांबियातल्या अभ्यासात गरोदर बायकांकडे इतर बायकांच्या दुप्पट डास ओढले गेले. त्यांचा श्वास अधिक आणि पोट अधिक उबदार, ही कारणं संशोधकांनी दिली.

आणखी एक नवल: वारेतली ती शर्करा अनेक कर्करोगांच्या पेशींवरही असते. म्हणून कोपनहेगनमधले संशोधक व्हीएआर-टू-सीएसएचा वापर करून औषध थेट गाठीपर्यंत पोचवू पाहत आहेत.

आईकडून आलेली प्रतिपिंडं सहा महिन्यांच्या आसपास विरत जातात, आणि हिवतापाची लस बाळ साधारण पाच महिन्यांचं झाल्यापासून देतात. ऑक्सफर्डमध्ये घडलेली आर-२१ लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने ती बाळांना टोचायला सुरुवात केली. पहिलटकरणींसाठीच्या दोन लसींच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत. त्या लवकर तयार व्हायला हव्यात. तोवर गरोदर बायकांना तपासणीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी यांचाच आधार आहे.